दाजींचं चार सीटचं विमान

मला विमानात बसायची भीती वाटते, म्हणून मी विमान घेतलं.

घाबरू नका, कम्प्युटरमधलं घेतलं. पुण्याजवळ सूसला आमच्या फ्लॅटच्या मागच्या बेडरूममध्ये एक मोठा स्क्रीन, त्यापुढं विमानाला असतो तसला दांडा, पायाखाली दोन पेडल आणि भंगारात द्यायला काढलेली एक गोल फिरणारी खुर्ची, एवढा माझा विमानतळ आहे. (बायकोनं, म्हणजे वैशालीनं, त्याला अजून परवानगी दिलेली नाही. मी स्वतःच्या जबाबदारीवर उडतो.) कैक वर्षं मी तिथं बसून मोठमोठी प्रवासी विमानं उडवली. ती विमानं स्वभावानं गरीब. कशीही आपटा, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीकोरी होऊन धावपट्टीवर हजर!

मग माझा मित्र अविनाश म्हणाला, "ते नवीन छोटं विमान घेऊन बघ. एक इंजिन, चार सीट. खऱ्या विमानाची सगळी दुखणीखुपणी आहेत त्यात."

'दुखणीखुपणी' या शब्दालाच मी उठून जायला हवं होतं. पण घेतलं. आणि माझ्या जिवाला घोर लागला. हे विमान सगळं लक्षात ठेवायचं. काल इंजिन तापवलंत तर ते आज खोकणार. ऑइल बघितलं नाही तर संपणार. बॅटरीचं बटण चालू ठेवून कम्प्युटर बंद केलात तर दुसऱ्या दिवशी बॅटरी मेलेली! मी ऑफिसात फायलीवर सही करताना दचकायचो, 'काल बटण बंद केलं का?' भाजी निवडता निवडता वैशाली म्हणायची, "त्या विमानाच्या ऑइलची जेवढी काळजी करता, तेवढी माझ्या गुडघ्याची केली असती तर मी आज पळत असते."

अशा काळजीत असतानाच एका रविवारी आम्ही सासुरवाडीला जेवायला गेलो. माझी सासुरवाडी भरे गावची, पिरंगुटजवळ. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणतो. आबांचं माझ्याविषयी फारसं चांगलं मत नव्हतं. लग्नानंतर त्यांनी कौतुकानं ट्रॅक्टर चालवायला दिला होता, तो मी सरळ नेऊन विहिरीच्या कठड्याला टेकवला. तेव्हापासून ते माझ्याशी हवापाण्यापलीकडं बोलत नसत. "पाऊस हाय का तिकडं?" "आहे." "बरं." संपलं.

तर जेवायला बसलो. मटणाचा रस्सा, हात कोपरापर्यंत बरबटलेले, आणि अविनाशचा फोन आला. माझा मेव्हणा संतोष शेजारी होता. त्यानं फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि माझ्या ताटाजवळ ठेवला.

"काय रे, विमान कसं आहे?" अविनाश गरजला.

"चांगलं आहे, पण ऑइल फार खातंय," मी घास चावत म्हणालो. "काल पिरंगुटवर आलो आणि इंजिन गरम झालं. तसाच मागं फिरलो."

"उभं कुठं केलंयस?"

"लोहगावलाच, विमानतळावर. पण दोरीनं बांधायला विसरलो रे! आणि आज वारा सुटलाय. घास उतरत नाहीये." (घास चांगला उतरत होता. चौथी भाकरी चालू होती.)

फोन बंद झाला. आबांचा हात रश्श्याच्या वाटीवर थांबलेला.

"दाजी," संतोष हळूच म्हणाला, "तुमी इमान घेतलं?"

"घेतलं की."

"खरं?"

माझ्या तोंडात भाकरी होती. मी म्हणालो, "खऱ्यासारखंच." पण मधला 'यासारख' भाकरीबरोबर पोटात गेला आणि बाहेर आलं फक्त "खरंच!"

आबांनी स्वतःच्या ताटातली नळी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. मटणाची नळी! लग्नापासून हे भाग्य मला लाभलं नव्हतं. मला वाटलं, वय झालं की माणूस मऊ होतो. मी नळी चोखली आणि घरी आलो.

दोन-तीन दिवसांनी ऑफिसात फोन वाजला.

"दाजी, राम राम! बाळूशेठ बोलतुया, भऱ्यातनं. जागा बगितलीया. एकदम सपाट, वर लाइटीच्या तारा न्हाईत, जनावरांचा तरास न्हाई."

"कसली जागा?"

"धावपट्टीला!"

"कुणाच्या?"

"तुमच्या! आता गावात इमान उतरायला जागा नगं? का सारकं लोहगावला पळणार?"

बाळूशेठ जमिनीची दलाली करतो. चेष्टा करतोय म्हणून मी हसलो. तो हसला नाही. मी संतोषला फोन लावला.

"दाजी, आबांनी अख्ख्या गावाला सांगितलंय," संतोष म्हणाला. "तुकारामशेठच्या जावयानं लग्नात हेलिकॉप्टर आणलं व्हतं ना, तवापासनं आबांची मान खाली व्हती. आता चावडीवर बसून म्हणत्यात, त्येचं भाड्याचं, आमच्याचं सोताचं!"

"संतोष, अरे ते विमान..."

"थांबा, आबाच आलं. बोला त्यांच्याशी."

आणि आबा बोलले. पाऊस नाही, पाणी नाही, थेट बोलले. "जावईबापू! म्या तुमाला वळखलं न्हवतं. ट्रॅक्टरवर बसीवलं ह्यीच माजी चूक. गरुडाला कुणी नांगराला जुंपतं का?"

आता मला सांगा, या वाक्यानंतर 'आबा, ते कम्प्युटरमध्ये आहे' असं कोणता माणूस म्हणेल? मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही." आबांना तो विनय वाटला. मागून मामींचा, म्हणजे सासूबाईंचा, रडवेला आवाज आला. "पावणं, म्या तुमच्यासाटी सोमवार धरल्यात. वर गेल्यावर खिडकीतनं हात बाहीर काडू नगा!"

दुसऱ्या दिवशी संतोष मामींनी दिलेला अंगारा आणि लिंबू-मिरची आमच्या वॉचमनकडे देऊन गेला. मी ती लिंबू-मिरची दांड्याला बांधली. (तेवढंच खोटं कमी!)

वैशालीला हे सगळं सांगितल्यावर ती पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. "आत्ता फोन लावा. माझ्याकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल. तुम्हीच सांगायचं." मी लावला. आबांनी उचलला आणि म्हणाले, "बरं झालं केला. झेंडू किती लागंल?"

"झेंडू?"

"जत्रंला देवळावर वरनं फुलं टाकायची हायेत नव्हं! म्या शंबर किलो सांगितलाय. इमानाला जड व्हईल का?"

मी फोन ठेवून पलंगावर आडवा झालो. वैशालीनं लिंबू-सरबत आणलं.

त्या आठवड्यात मी गाडीतून पिरंगुटला कामाला निघालो, तर चौकात फ्लेक्स! मधे मी. वैशालीच्या चुलतबहिणीच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो, त्यावर कुणीतरी काळा गॉगल चिकटवलेला. मागं भलंमोठं चार इंजिनांचं जेट. वर अक्षरं: 'जत्रेनिमित्त विमानातून भव्य पुष्पवृष्टी! सौजन्य: भरे गावचे लाडके जावई!' खाली पासष्ट शुभेच्छुकांचे फोटो. मी ब्रेक दाबला, मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ, काय झोपला का?" मग त्यानं फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले. "माफ करा, पायलटसाहेब!"

त्यानंतर माझी झोप गेली. जत्रा जवळ येत होती. ताप आला तर? पाय मोडला तर? पाय मोडून घ्यायचा सोपा उपाय मी दोन दिवस शोधत होतो. विमान विकलं असं सांगितलं तर? बाळूशेठ म्हणेल, गिऱ्हाईकासाठी मला का नाही विचारलं! शेवटी जत्रेच्या दोन दिवस आधी फोन आला आणि पलीकडून जाडसर आवाज म्हणाला, "पोलीस चौकीतून बोलतोय. तुम्हीच का ते विमानवाले?"

माझा शर्ट क्षणात भिजला. "हो... म्हणजे नाही... म्हणजे हो."

"गर्दीवरून विमान नेणार, परवानगी कुणाची?"

"कुणाचीच नाही साहेब."

"विमान आत्ता कुठं आहे?"

"बेडरूममध्ये."

"कुठं?"

"मागच्या बेडरूममध्ये साहेब. कपाटाशेजारी."

"घडी होतं का त्याची?"

मग मी सगळं सांगितलं. नळीपासून झेंडूपर्यंत, एका दमात. ते इतके हसले, की फोन कुणाच्या तरी हातात देऊन पाणी प्यायला गेले. परत येऊन म्हणाले, "आम्ही बंदोबस्ताला आहोतच. आता गावाला तुम्ही सांगता, का माईकवरून मी सांगू?"

मी तसाच उठून भरे गाव गाठलं. आबांच्या अंगणात झेंडूचा ढीग पडला होता. बायका पाकळ्या खुडत होत्या. मामींनी मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. मी आबांना गोठ्याकडं बाजूला घेतलं.

"आबा, विमान खरं नाही."

"मंजी?"

"कम्प्युटरात आहे. पडद्यावर उडतं. खऱ्यासारखं उडतं, पण... पडद्यावरच."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग ढिगाकडं बघितलं. मग रस्त्याकडं, जिथं माझाच आणखी एक फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. इतका म्हातारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि त्यांना म्हातारं मीच केलं होतं.

"आनखी कुणाला ठावं हाय ह्ये?"

"वैशालीला. आणि पोलिसांना."

"पोलिसांना?" आबांनी डोळे मोठे केले आणि अचानक त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. "तुमी लई कामाचं माणूस हाय, पावणं."

मग बराच वेळ ते गाईच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "आपलं गाव दिसतं का त्यात?"

"दिसतं. वरून फोटो काढलेले असतात ना, ते घातलेत."

"देऊळ?"

"देऊळ पण."

"मंग झालं तर! परवा आर्केस्ट्रासाटी मोठा पडदा लागणार हाय. त्येच्या आदी तुमी उडवायचं."

"आबा, लोक हसतील हो!"

"हसू द्या की. न उडवता हसण्यापरीस उडवून हसल्यालं बरं."

जत्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर मी स्टेजवर बसलो. टेबलावर कम्प्युटर, दांडा, लिंबू-मिरची, टेबलाखाली पेडल. मागं एका घराएवढा पडदा. समोर अख्खं गाव. आबांनी माईक हातात घेतला आणि घसा साफ केला. "मंडळी! इमान कम्प्युटरातलं हाय. माजी ऐकण्यात चूक झाली. पन चालीवनारा खरा हाय!" गावात हसण्याची एक मोठी लाट उठली. तुकारामशेठ तर पुढच्या रांगेत मांडीवर थापा मारत होते. आबा न डगमगता माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. शेजारच्या सीटवर बसल्यासारखे, सरळ, हात गुडघ्यावर. मामी स्टेजच्या पायरीशी डोळे मिटून जप करत होत्या. कम्प्युटरातलं आहे हे त्यांना संतोषनं तीनदा सांगितलं होतं. "कशात का असंना," त्या म्हणाल्या होत्या, "वर तर जानार ना?"

मी किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. पडद्यावर घराएवढा पंखा जागचा हलेना. आणि मला आठवलं. आदल्या दिवशी सराव केला होता आणि घाईत बॅटरीचं बटण चालूच ठेवलं होतं!

"काय झालं पावणं?" आबा कुजबुजले. नेमका माईक चालू होता.

"बॅटरी उतरली," मी कुजबुजलो. तेही अख्ख्या जत्रेनं ऐकलं.

"धक्का मारू का दाजी?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "माज्या ट्रॅक्टरची बॅटरी आनू का?" दुसरा. बाळूशेठ म्हणाला, "जागा हितं घ्या म्हनलं व्हतं, लोहगावला कोन बगनार बॅटरी!" माझ्या हाताला इतका घाम सुटला होता की माउस निसटत होता. विमानाला बाहेरून वीज जोडायची सोय पडद्यावरच कुठंतरी होती; ती सापडेपर्यंत गावानं टाळ्यांचा ठेका धरला. सापडली. पंखा एकदा अडखळला, खोकला, आणि भर्र सुरू झाला. ऑर्केस्ट्राच्या स्पीकरच्या भिंतींतून तो आवाज असा निघाला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले.

उडालो. नदी मागं गेली, चांदणी चौक आला, भूगाव, मग पिरंगुटचा घाट. गाव माना उंचावून बघत होतं. घाट ओलांडला आणि एकदम कालवा!

"आलं, आलं! ती बग कमान!"

"त्यो आमचा गोठा!"

"आरं, माजी पत्र्याची शेड दिसंना!"

ते फोटो जुने होते. बाळूशेठनं विकून दिलेल्या जमिनींवरच्या गोदामांच्या जागी पडद्यावर अजून भातखाचरं होती, बांधावर आंब्याची झाडं होती. "ह्यो आमचा आंबा," एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ह्यो कदी तोडला रं आपण?" बाळूशेठ चपलेकडं बघू लागला.

"खाली घ्या," आबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "अजून खाली घ्या. नीट दिसू द्या लोकास्नी."

मी खाली घेतलं. ठरलं होतं असं: विमान देवळावर आलं की मी हात वर करायचा आणि संतोषनं स्टेजमागच्या गच्चीवरून शेजारच्या देवळावर पाकळ्या उधळायच्या. पण लोकांना आंबा नीट दिसावा म्हणून मी वेग कमी केला. अजून कमी केला. आणि या विमानात वेग कमी झाला की एक भोंगा वाजतो. माझ्या बेडरूममध्ये तो डासासारखा वाजायचा. ऑर्केस्ट्राच्या स्पीकरवर तो असा वाजला की बैल दावं तोडून पळाले!

"पावणं, ह्ये काय वराडतंय?"

"आबा, पडतंय!"

"काय पडतंय?"

"आपण!"

विमानाचं नाक झुकलं. पडद्यावर गाव गरगर फिरत वर येऊ लागलं. बायका किंचाळल्या. मामींनी डोळे उघडले, पडदा बघितला आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "जावईबापू, उडी मारा!" आणि काय सांगू, मी मारली! खुर्चीवरून सरळ उठून बाजूला उडी मारली. दोन्ही हात वर. आबा एकटे विमानात राहिले.

विमान जाऊन पडलं ते तुकारामशेठच्या बंगल्याच्या गच्चीवर. तुकारामशेठनं मान वळवून खऱ्या बंगल्याकडं बघून घेतलं. आणि संतोषनं, माझे दोन्ही हात वर बघून, शंभर किलो झेंडू एकदम सोडला. देवळावर एकही पाकळी गेली नाही. सगळी पुष्पवृष्टी माझ्यावर! फक्त नाक बाहेर राहिलं. समोर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदारांनी टोपी काढली.

मला वाटलं, संपलं. सासुरवाडी संपली. पण ढिगातून बाहेर आलो तर गाव उभं राहून शिट्ट्या मारत होतं. आणि तुकारामशेठ आबांना मिठी मारून हसत हसत म्हणत होते, "आबा, पाडायचं तर माज्याच घरावर का रं!" आबा डोळे पुसत होते. हसून आलेलं पाणी होतं की आंब्याचं, मी विचारलं नाही. ऑर्केस्ट्रावाले बिचारे बाजूला उभे. लोक म्हणाले, "गाणी मागनं, आदी इमान पुन्यांदा!" त्या संध्याकाळी मी भरे गावावरून आणखी चार फेऱ्या मारल्या. प्रत्येकाला आपला बांध बघायचा होता.

आता दर रविवारी आबा सकाळी सूसला येतात आणि मागच्या बेडरूममध्ये शिरतात. ऑइल बघत नाहीत, बटणं बघत नाहीत. उडवतात, पाडतात, मोठ्यानं हसतात आणि पुन्हा उडवतात. मी दारात उभा राहून इंजिनाच्या काळजीनं नखं खातो. मला खुर्ची मिळत नाही. चहा आणि भजी आत पोचवणं एवढंच माझ्याकडं आहे. परवा चहा जरा गार झाला, तर आबांनी कानावरचा हेडफोन बाजूला सारला आणि वैशालीला हाक मारली, "वैशे, ह्या इमानात हवाईसुंदरी बदलून मिळती का?"